पेडल स्टील गिटार वाजवताना पायात काय घालावे?

पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलचा बार सरकवत बसून वाजवायची विजेची गिटार, शिकायला घेणारा माणूस आधी चौकशी करतो ती डाव्या हातातल्या स्टीलच्या बारची, उजव्या हाताच्या बोटांत घालायच्या पिकांची आणि अँप्लिफायरची. पायात काय घालायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे बहुधा तेव्हा उभा राहतो, जेव्हा घरी नीट बसलेली ओळ दुसऱ्या बुटांत अचानक बिघडते. या वाद्यात पाय ताल धरण्यासाठी किंवा नुसता आधार म्हणून नसतात. तारांचे स्वर पायांनी बदलतात, आवाजाची पातळी पायाने राखली जाते आणि त्या दोन्ही कामांच्या वेळी गुडघेही वाद्याखालचे लिव्हर ढकलत असतात. म्हणून बूट हा वाद्याच्या जुळणीचाच एक भाग आहे असे मी मानतो. आधी बूट ठरवावा आणि मग त्या बुटाप्रमाणे वाद्य लावावे, हा क्रम उलटा झाला की पुढे बराच त्रास होतो.

पायाचे काम नेमके काय असते

कंट्री या अमेरिकन संगीतप्रकारात तारा सुरात लावण्याची सर्वाधिक वापरली जाणारी जुळणी ई नाइन्थ या नावाने ओळखली जाते. तिच्यात दहा तारा असतात आणि डाव्या पायाखाली सहसा तीन पेडले असतात, त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. ई हा षड्ज धरला, तर मराठी वाचकाला हे बदल आपल्या स्वरांत लगेच उमगतील. ए पेडल पंचमाच्या तारा शुद्ध धैवतावर नेते आणि बी पेडल शुद्ध गांधाराच्या तारा शुद्ध मध्यमावर नेते. दोन्ही एकदम दाबली की चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेवरचे सा-प-ग हे स्वर सा-ध-म असे होतात, म्हणजे बार जागेवरून न हलवता पहिल्या मेजर कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट) चौथ्या कॉर्डवर जाता येते. सी पेडल वरच्या षड्जाला ऋषभावर आणि त्याच्या लगतच्या पंचमाला धैवतावर नेते. त्यामुळे बी आणि सी एकत्र दाबल्यास रे-म-ध असा मायनर कॉर्ड मिळतो.

सुरुवातीच्या काळात पायाचे काम इतके नाजूक नव्हते. कंट्री गायक वेब पियर्स यांच्या ‘स्लोली’ या १९५४ साली गाजलेल्या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर सरकवला आणि नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या अमेरिकन केंद्रातल्या स्टील वादनाची दिशाच बदलली. त्यांच्या त्या पेडलवर आज ए आणि बी यांच्यावर होणारे दोन्ही बदल एकाच दाबासरशी होत असत. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे या स्टील वादकांनी हे बदल दोन स्वतंत्र पेडलांवर वाटले. एमन्स यांनी ए पेडल डावीकडे ठेवले, तर डे यांनी क्रम उलटा ठेवला. आजही वाद्य विकत घेताना एमन्स पद्धत की डे पद्धत, हे विचारले जाते. बुटाचा प्रश्न खऱ्या अर्थाने या वाटणीपासून सुरू झाला. एकच पेडल दाबायचे असेल तर कोणताही बूट चालतो. पण शेजारची दोन पेडले कधी एकत्र, कधी एकेकटी आणि कधी एक दाबून ठेवत दुसरे सावकाश सोडत वाजवायची असतील, तर तळाची रुंदी, जाडी आणि कड या सगळ्याला महत्त्व येते.

यात सर्वांत महत्त्वाची हालचाल म्हणजे घोटा कलवणे. डावा चवडा ए आणि बी यांच्या मध्यावर ठेवलेला असतो आणि पाय न उचलता, केवळ घोटा डावीकडे किंवा उजवीकडे कलवून, एक पेडल सोडले जाते. एमन्स पद्धतीत डावा गुडघा डावीकडे ढकलला की षड्जाच्या तारा अर्ध्या स्वराने चढतात. हा लिव्हर बहुतेकदा बी मोकळे ठेवून ए पेडलसोबत वापरला जातो. गुडघा डावीकडे गेला की पाऊल आपोआप बाहेरच्या कडेवर कलते, ए दाबलेले राहते आणि बी सुटते. शरीराची ही स्वाभाविक हालचाल बुटाने अडवता कामा नये. माझ्या मते बूट निवडताना लावायची पहिली आणि सर्वांत कडक कसोटी हीच आहे.

कोणता बूट अडवतो आणि कोणता मदत करतो

धावण्याचे आणि खेळाचे बूट बहुतेकांच्या घरी असतात आणि सवयीने तेच पायात जातात. त्यांचा तळ खाली पसरट होत जातो, कारण धावताना घोटा मुरगळू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. येथे मात्र घोटा कलणे हेच तंत्र आहे, त्यामुळे जो गुण मैदानावर रक्षण करतो, तोच पेडलवर अडथळा होतो. शिवाय पसरलेली कड नकळत सी पेडलला लागते. त्यांच्या जाड फोमचा त्रास वेगळा असतो. पेडलचा प्रवास कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे तळव्याला स्पष्ट कळावे लागते; फोम आधी स्वतः दबतो आणि मग पेडल हलते, म्हणून सुरुवात उशिरा जाणवते. पेडल शेवटच्या टेकूला पोहोचल्यावरही मऊपणामुळे ते पुरते दाबले गेले की नाही याची खात्री पटत नाही आणि वादक गरजेपेक्षा जास्त जोर लावत राहतो. या अनावश्यक जोराने पोटरी आणि घोटा थकतात. वाद्याची पेटी किंचित लवून न बदललेल्या तारांचे स्वरही थोडे उतरू शकतात. सर्वांत मोठे नुकसान संथ दाबाचे होते. मींड घ्यावी तसा पंचमावरून धैवताकडे सावकाश सरकणारा स्वर हा या वाद्याचा प्राण आहे आणि तो पातळ, घट्ट तळाखालीच नीट ताब्यात राहतो.

गिर्यारोहणाचे बूट तर पूर्णपणे टाळावेत. त्यांची घोट्याभोवतीची ताठ बांधणी कलण्याला विरोध करते आणि खोल खाचांचा रबरी तळ पेडलच्या कडेला अडकतो.

अमेरिकन वादकांच्या पायांत अनेकदा काउबॉय बूट दिसतात. ते मूळचे पोशाखाचा भाग म्हणून आले असले, तरी त्यांची घडण या कामाला विलक्षण जुळते. पुढचे टोक निमुळते असल्याने पाऊल एकाच पेडलवर नेमके पडते. चामडी तळ गुळगुळीत आणि पातळ असल्याने पाय ए-बीवरून बी-सीवर सरकवता येतो. टाच उंच असल्याने चवडा पेडलच्या पातळीजवळ आपोआप येतो. नळी उंच असली तरी घोट्यापाशी चामडे मऊ असते, म्हणून कलणे अडत नाही. टाच मात्र फार उंच नसावी. साधारण एक ते दीड इंचाची टाच बहुतेकांना पुरते. ‘रोपर’ नावाच्या प्रकारात टाच बुटकी आणि टोक गोलसर असते, म्हणून ज्यांना निमुळता बूट बोटांना आवळतो, त्यांनी तो घालून पाहावा.

काउबॉय बूट महाराष्ट्रात सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी महाग पडतात. त्यांच्यावाचून काही अडत नाही. चामडी तळाचे, निमुळत्या घडणीचे, साधे ऑफिसला घालायचे बूट हा उत्तम आणि सहज मिळणारा पर्याय आहे. मात्र तळाची शिवलेली कड वरच्या चामड्यापेक्षा किती बाहेर आलेली आहे हे नीट पाहावे. ती फार बाहेर असेल तर चर्मकाराकडून, शिवणीला धक्का न लावता, घासून घ्यावी. नृत्यासाठी वापरतात ते जॅझ प्रकारचे बूट आणि पाश्चात्त्य चर्च ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले बूटही फार चांगले चालतात. ऑर्गनवादकही पायांनी पेडलांची पट्टी वाजवतो, म्हणून त्याच्या बुटाला पातळ तळ, सरकता पृष्ठभाग आणि नेमकी टाच दिलेली असते, आणि आपल्यालाही तेच हवे असते.

खर्च कमी करायचा असेल तर पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट घ्यावेत. त्यांचा रबरी तळ पेडलला चिकटून बसतो, पण चवड्याखाली स्वेडचा किंवा पातळ चामड्याचा तुकडा चिकटवून घेतला की हा दोष बराच जातो. कोल्हापुरी चपलेचा तळ चामडी असला तरी ती येथे चालणार नाही, कारण तिची टाच मोकळी असते. पाय कलला की चप्पल मागे राहते आणि पेडलवर नेमका भार पडत नाही. मोजडीचे टोक वर वळलेले नसेल आणि ती पायात घट्ट बसत असेल, तर सरावापुरती ती वापरता येईल.

पहिली पायरी: मोजमाप

निवडलेला डावा बूट कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याच्या तळाची बाह्यरेषा काढावी. मग ए पेडलच्या बाहेरच्या कडेपासून बी पेडलच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे, तसेच बी आणि सी यांच्यामधली मोकळी जागा मोजावी. चवड्यापाशी तळाची रुंदी इतकी असावी की ए आणि बी दोन्हींवर भक्कम भार देता येईल, पण पाऊल थोडे कलले तरी सी पेडलला स्पर्श होणार नाही. पेडलांमधली अंतरे प्रत्येक कारागिराच्या वाद्यात थोडी वेगळी असतात, म्हणून मित्राला नेमका बसणारा बूट आपल्या वाद्यावर चालेलच असे गृहीत धरू नये. ज्यांच्या वाद्याला सी सिक्स्थ या वेगळ्या जुळणीची दुसरी मानही (तारांचा दुसरा संच) आहे, त्यांनी तिच्या पेडलांवरही हेच मोजमाप घ्यावे. तेथे पाचवे आणि सहावे पेडल एकत्र दाबावे लागते आणि इतर अनेक वेळा एकच पेडल अचूक शोधावे लागते, म्हणून पुढचे टोक जितके अरुंद तितके बरे.

दुसरी पायरी: वाजवून पारख

अँप्लिफायर हळू आवाजात लावावा आणि चौथी, पाचवी व सहावी तार एकत्र छेडून ए आणि बी ही पेडले शक्य तितक्या सावकाश दाबावीत. पाचवी तार पूर्ण स्वराने आणि सहावी अर्ध्या स्वराने चढते. दोन्ही एकाच क्षणी मुक्कामाला पोहोचल्या पाहिजेत. त्यानंतर दोन्ही दाबलेली असताना फक्त बी सोडावे, पुन्हा दाबावे, मग फक्त ए सोडावे. हेच सर्व आधी केवळ मोजे घालून करावे आणि नंतर बूट घालून करावे. मोज्यांत जमणारी हालचाल बुटात जमत नसेल, तर दोष बुटाचा आहे. दोन्हींत जमत नसेल, तर सराव किंवा पेडलांची उंची तपासावी लागेल. शेवटी पाय न पाहता ए-बीवरून बी-सीवर सरकून पाहावे. तळ अडखळला तर तो फार चिकट आहे आणि पाय निसटून पुढे गेला तर फार गुळगुळीत आहे. नव्या चामडी तळाचा निसरडेपणा चवड्याखाली बारीक सँडपेपर फिरवून कमी करता येतो.

तिसरी पायरी: बुटाप्रमाणे वाद्य लावणे

येथे घाई करू नये. बूट पायात घालून, रोजच्या स्टुलावर, रोजच्या उंचीवर बसावे. प्रथम स्टुलाची उंची ठरवावी, मग वाद्याच्या पायांची, त्यानंतर पेडलांची आणि सर्वांत शेवटी गुडघ्याच्या लिव्हरची. हा क्रम मोडला तर आधीचे काम पुन्हा करावे लागते, कारण प्रत्येक पायरी पुढचीवर परिणाम करते.

टाचेची उंची वाढली की गुडघाही वर जातो. उंच वादकाच्या मांड्या वाद्याच्या खालच्या बाजूला घासू लागतात. त्याने सपाट बूट घ्यावा किंवा वाद्याचे पाय वाढवावेत. कमी उंचीच्या वादकाची अडचण नेमकी उलटी असते. त्याचा गुडघा वर उचलून दाबायच्या उभ्या लिव्हरपर्यंत पोहोचत नाही आणि तो टाच जमिनीवरून उचलू लागतो. टाच उचलली की डाव्या पायाचा आधार जातो आणि पेडलांवरचा ताबाही ढासळतो. अशा वादकांना, आणि त्यांत आपल्याकडचे पुष्कळ जण येतील, इंच-सव्वा इंचाची टाच खरोखर उपयोगी पडते.

पेडलची उंची पेडल आणि वाद्याची पेटी यांना जोडणाऱ्या सळईची लांबी बदलून लावतात. टाच जमिनीवर टेकलेली असताना चवडा पेडलवर अलगद विसावला पाहिजे. नडगीच्या पुढचा स्नायू ताणून पाय सतत वर धरावा लागत असेल, तर पेडल त्या बुटासाठी उंच आहे. सपाट बूट वापरणाऱ्याने पेडले खाली घ्यावीत, टाचेचा बूट वापरणाऱ्याने ती थोडी वर ठेवली तरी चालतील. सळई प्रमाणापेक्षा आखूड झाली तर पेडल न दाबताही थोडे ओढलेले राहते आणि तार मूळ स्वरावर परतत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर सळईत किंचित ढिलाई शिल्लक आहे ना आणि मोकळी तार सुरात आहे ना, हे तपासावे. काही वादक ए आणि बी यांच्या उंचीत मुद्दाम अगदी थोडा फरक ठेवतात, म्हणजे पाऊल कलवणे सोपे जाते. तो फरक किती असावा हे ज्याच्या त्याच्या पावलावर आणि तळावर अवलंबून आहे.

उजवा पाय

उजव्या पायाखाली व्हॉल्यूम पेडल असते आणि त्याचे काम अखंड चालते. तार छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर असते आणि स्वर विरू लागला की ते हळूहळू पुढे दाबून आवाज टिकवला जातो. त्याच वेळी उजवा गुडघा डावीकडचा किंवा उजवीकडचा लिव्हर ढकलत असतो. बुटाचा तळ पेडलला घट्ट चिकटला, तर गुडघा वळताना पाऊलही ओढले जाते आणि स्वर बदलताना आवाज नकळत कमीजास्त होतो. ऐकणाऱ्याला हा दोष लगेच जाणवतो. वाजवणाऱ्याला मात्र त्याचे मूळ पायात आहे हे सापडायला वेळ लागतो. याउलट तळ फार निसरडा असला तर टाच पेडलच्या मागच्या कडेवरून घसरते. म्हणून चवड्याखाली सरकता पृष्ठभाग आणि टाचेखाली थोडी पकड, अशी जोडी सर्वांत चांगली. चामडी तळ आणि रबरी टाच असलेल्या बुटांत ती आपोआप मिळते.

अनवाणी वाजवावे का, आणि वाद्याला पाय लावण्याचा प्रश्न

आपल्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी हात जोडले जातात. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला बूट घालून वाद्य वाजवणे मनाला खटकते, ही भावना मला पूर्णपणे समजते आणि तिचा आदर राखला जावा असे वाटते. संगीत नाटकांना साथ करणाऱ्या पायपेटीचा भाता पायांनीच चालतो आणि तिच्या मानाला त्यामुळे कधी उणेपणा आला नाही, हेही येथे आठवावे. यावर मला योग्य वाटणारा उपाय असा, की एक जोड केवळ या वाद्यासाठी ठेवावा आणि तो घालून घराबाहेर कधीही पाऊल टाकू नये. रस्त्यावरची धूळ आणि खडे वाद्यापर्यंत येत नाहीत आणि तळ झिजत नसल्याने पेडलांची जुळणीही दीर्घकाळ टिकते. कार्यक्रमाला जाताना तो जोड कापडी पिशवीत न्यावा आणि वाद्यासमोर बसल्यावरच घालावा.

अनवाणी वाजवल्याने स्पर्श सर्वांत चांगला कळतो, यात शंका नाही. पण पेडलची धातूची कड तळव्याला काही वेळाने रुतू लागते आणि टाच सर्वांत खाली गेल्यामुळे बुटासाठी लावलेले वाद्य अनवाणी पायाला जुळत नाही. त्याहून गंभीर बाब विजेची आहे. तारा आणि त्यांना लागणारे धातूचे भाग अँप्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेले असतात आणि वादकाचा हात बारच्या मार्गाने सतत त्यांच्या संपर्कात असतो. इमारतीचे अर्थिंग सदोष असेल आणि पाय उघडे व फरशी ओलसर असेल, तर जिवावर बेतणारा धक्का बसू शकतो. मोजे यापासून संरक्षण देत नाहीत आणि बुटावरही विसंबू नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा.

रंगमंचावर आणि पावसाळ्यात

गुळगुळीत फरशीवर टाच सरकते आणि वाद्याचे पायही हळूहळू पुढे जातात. एक पातळ, घट्ट विणीची सतरंजी वाद्य, व्हॉल्यूम पेडल आणि स्टूल या सर्वांखाली येईल एवढी मोठी घ्यावी आणि घरी व बाहेर तीच वापरावी. जाड गालिचा नको, कारण टाच त्यात रुतते आणि पेडल तेवढेच उंच भासते. बुटांच्या नाड्या आत खोचाव्यात. लोंबणारी नाडी पेडलखाली गेली तर ते पुरते दाबले जात नाही. पँटचा घोळ फार रुंद नसावा आणि खिशात किल्ल्या किंवा फोन ठेवू नये, म्हणजे गुडघ्याच्या लिव्हरला नको ते धक्के बसणार नाहीत.

पावसाळ्यात चामडी तळ ओलावा धरून फुगतो, मऊ पडतो आणि कोकणासारख्या दमट हवेत त्यावर बुरशीही येते. बूट वर्तमानपत्र भरून, सावलीत आणि मोकळ्या हवेत वाळवावेत. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास चामडे आकसते आणि तळाचा आकार बदलतो.

डाव्या बुटाची बाहेरची कड उजव्यापेक्षा लवकर झिजते, कारण घोटा त्याच बाजूला सर्वाधिक कलतो. ती झिजली की एमन्स पद्धतीत ए पेडल बी पेडलच्या किंचित मागून पोहोचू लागते आणि तारा सुरात असूनही कॉर्ड बदलताना डळमळल्यासारखा ऐकू येतो. असे जाणवले की सळया आणि नट फिरवायला घेण्याआधी बूट उलटा करून तळ पाहावा. चर्मकाराकडे देताना दोन्ही तळ एकाच जाडीच्या चामड्याने बदलून घ्यावेत, जुन्या तळाची जाडी मोजून तेवढीच सांगावी आणि बूट परत आल्यावर वर सांगितलेली संथ दाबाची पारख पुन्हा एकदा करावी.